धारकाला तीन तास

"हात काढा की काका, बघू द्या," क्षमा हसत म्हणाली.

नाथाजींनी हात काढला नाही. वहीचं ते पान उघडलं तसा त्यांचा उजवा पंजा आपोआप त्यावर जाऊन बसला होता आणि आता तो तिथून हलायला तयार नव्हता. वही छापखान्याची होती, नमुना वही. प्रत्येक कामाची पहिली प्रत तिच्यात चिकटवायची, अशी क्षमाच्या वडिलांची, म्हणजे आबांची, शिस्त. लग्नपत्रिका, कुस्त्यांची हँडबिलं, हळदीच्या पोत्यांची लेबलं, नाटकांच्या जाहिराती. तीस वर्षांची सांगली त्या वहीत खळीनं चिकटून बसली होती. पुढं ऑफसेट आलं, छापखाना बंद पडला, आबाही गेले. वही माळ्यावर राहिली आणि नेमकी या पोरीच्या हाती लागली.

"मला वाटलं, समदं पोलिसांनी न्हेलं," नाथाजी म्हणाले.

"वही आबांनी दाखवलीच नसणार त्यांना."

नाथाजींना आबांची आठवण आली. मालक म्हणून आबा कडक होते. अक्षराचा एक खिळा उलटा लागला तर अख्खं पान पुन्हा जुळवायला लावायचे. पण त्या प्रकरणानंतर दुसरा कुणी मालक असता तर त्यानं नाथाजींना दारातसुद्धा उभं केलं नसतं. आबांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर नवं लाकूड ठेवलं आणि "कुस्त्यांचा ब्लॉक संध्याकाळपर्यंत पाहिजे" एवढंच सांगितलं.

त्यांनी पंजा उचलला. खाली शंभराची नोट होती.

म्हणजे नोटेसारखी नोट. एकाहत्तर साली गावातल्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवलं होतं, त्यात सावकार नोटांचं पुडकं भिरकावतो असा प्रसंग होता. रद्दीचे तुकडे भिरकावले की पुढच्या रांगेतली पोरं हसायची. म्हणून मंडळींनी नाथाजींना गाठलं. नाथाजी लाकडावर ब्लॉक कोरण्यात एक नंबर. पंधरा दिवस रात्रीचा दिवस करून त्यांनी नोट कोरली, निळसर शाईत एका बाजूनं छापली आणि पाठीमागं पुढच्या प्रयोगाची जाहिरात टाकली. म्हणजे कुणाची फसगत व्हायला नको. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माणसाला आपल्या हातचं काम बरं वाटायला लागलं की त्याला काहीबाही सुचतं. खऱ्या नोटेवर धारकाला रुपये देण्याचं वचन असतं. तिथं नाथाजींनी मुंगीएवढ्या अक्षरांत कोरलं: 'मी धारकाला तीन तास करमणूक देण्याचे वचन देतो.' आणि खाली सही ठोकली: नाथाजी सुतार.

"काका, खोट्या नोटेवर स्वतःची सही!" क्षमा म्हणाली. "याच्यासारखं दुसरं काही माझ्या अख्ख्या प्रदर्शनात नाही."

क्षमा बडोद्याला चित्रकला शिकून आली होती. दिवाळीच्या सुट्टीत गावभागातल्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग मागून तिनं तिथं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. नाव 'किंमत किती?'. पैसा म्हणजे नक्की काय, एखाद्या वस्तूचं मोल कोण ठरवतं आणि गुन्हा कुठून सुरू होतो, असा काहीसा विषय होता. प्रदर्शन म्हटलं की निसर्गचित्रं आणि फार तर एखादी फळांची परडी, एवढंच सांगलीला ठाऊक. त्यामुळं तिच्या आईनंसुद्धा कपाळाला हात लावला होता.

"हे पान मला मधोमध लावायचंय. खाली तुमचं नाव, ठळक अक्षरांत."

आत तांदूळ पाखडत बसलेल्या हरणाबाईच्या सुपाचा आवाज थांबला. नाथाजींची बायको शक्यतो बैठकीतल्या बोलण्यात पडत नसे. आज ती सूप हातात घेऊनच दारात आली.

"न्हाई लावायचं," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं मला नळावर नोटवालीण म्हनत्यात. आता कुटं म्हातारी मानसं मेली आनि तरन्यांस्नी ठावं न्हाई. आवं, तुमी तरी सांगा की तिला. पुन्यांदा कशाला उकरायचं?"

नाथाजी सहीकडं बघत होते.

झालं होतं असं. नाटकाच्या पेटीतल्या दहा-बारा नोटा कुणीतरी उचलल्या आणि तो गडी थेट जतच्या जनावरांच्या बाजारात गेला. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. टॉवेलाखाली नाहीतर घोंगड्याखाली एकमेकांचे हात धरायचे, बोटं दाबून किंमत सांगायची, बोटं दाबूनच ती कमी-जास्त करायची. ठरलं की समोरच्याची मूठ मिटवायची. मूठ मिटली की सौदा मिटला, मग कुणी कुणाचं देणं लागत नाही. पैसेसुद्धा घडी घालून घोंगड्याखालीच द्यायचे आणि ती घडी चारचौघांत उलगडून बघायची नाही. बघणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

साळूबाई नावाच्या धनगराच्या बाईनं त्या दिवशी आठ मेंढरं विकली. नवरा मेल्यापासून त्याचं घोंगडं खांद्यावर टाकून ती स्वतः सौदा करायची. बाईमाणसानं परक्याचा हात धरावा हे बघून बाजारातले लोक नाकं मुरडत, पण तिनं कुणाला भीक घातली नाही. पौषाची थंडी, दिवस मावळतीला आलेला, गिऱ्हाइकानं टॉवेल तोंडाभोवती गुंडाळलेला. त्यानं सहा नोटांची घडी दिली. बाईनं रीतीप्रमाणं ती न उलगडता चंचीत टाकली आणि घरी जाऊन दिव्यापुढं उघडली. पाठीमागं नाटकाची जाहिरात. तिला वाचता येत नव्हतं, पण नोटेच्या पाठीवर मिशावाल्या नटाचं चित्र नसतं एवढं तिलाही ठाऊक होतं.

चोर शोधायला पोलिसांना फारसे कष्ट पडले नाहीत. सहीच होती.

"जल्मात लय चोर बघितलं," फौजदार पोट धरधरून हसला होता, "पर चोरीखाली सही करनारा तू पयलाच गड्या!"

नाथाजी अकरा दिवस कोठडीत होते. बाराव्या दिवशी साळूबाईला ओळख पटवायला आणलं. ती म्हणाली, तोंड मी नीट बघितलं न्हाई, हात वळखीन. मग ठाण्यात, सगळ्या शिपायांसमोर, तिनं घोंगड्याचा कोपरा पसरला आणि नाथाजींचा हात खाली ओढून घेतला. तळव्याच्या मधोमध कोरणीच्या मुठीनं पडलेला घट्टा होता. तो तिनं अंगठ्यानं चाचपला.

"ह्यो हात न्हवं," ती म्हणाली. "त्यो मऊ व्हता, लोन्यावानी. ह्या हातानं कष्ट केल्यात."

फौजदाराचं हसू गेलं. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, पण ठाण्याची खोली ती केवढी, नाथाजींना सगळं ऐकू आलं: "बाई, नीट इचार कर. ह्योच म्हनालीस तर तुजं सहाशे रुपयं ह्याच्याकडनं निघतील. न्हाईतर मेंढरं गेली ती गेलीच."

"गेली तर गेली. पर ह्यो न्हवं," साळूबाई म्हणाली, घोंगडं सावरलं आणि निघून गेली.

फसवणुकीचा आरोप तिथंच गळाला. नोटेसारखं काही छापणं हाही गुन्हाच, त्याबद्दल कोर्टानं शंभर रुपये दंड केला. हरणाबाईनं चांदीचे तोडे मोडले आणि नाथाजींनी एक खरी नोट भरून खोट्या नोटेचा हिशेब मिटवला. खरा चोर कधीच सापडला नाही. पण त्या बाईच्या एका वाक्यावर नाथाजी घरी आले, आबांच्या हाताखाली आणखी वीस वर्षं ब्लॉक कोरले, दोन पोरींची लग्नं केली. रोज सकाळी कोरणी हातात घेताना त्यांना घट्ट्यावर तिचा अंगठा जाणवायचा. आणि तिला मात्र काय मिळालं होतं? वचन नाथाजींचं होतं. खाली सही त्यांची होती. ते एकदा जतच्या यष्टीत बसलेही होते. स्टँडवर उतरले, टँकरपुढं लागलेली घागरींची रांग बघितली, आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि त्याच गाडीनं परत आले. हे त्यांनी हरणाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आज सांगितलं. क्षमाच्या देखतच सांगितलं.

हरणाबाई सूप घेऊन तशीच उभी राहिली. मग खाली बसली.

"माझी एक अट हाय," नाथाजी क्षमाला म्हणाले. "लावायचं तर माझ्या नावाच्या वर त्या बाईचं नाव लावायचं. आनि ती जित्ती असंल तर तिला हितं आनायचं. मला तिला हात जोडायचं हायत. वाडीचं नाव मला पाठ हाय."

क्षमानं हरणाबाईकडं पाहिलं.

"तिचं नाव लावनार असाल तर लावा," हरणाबाई म्हणाली. "माझं कुक्कू राखलंय तिनं."

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी नाथाजी पांढरा स्वच्छ सदरा घालून दाराजवळच्या स्टुलावर बसले ते बसलेच. सोसायटीत ठेवलेले दहा हजार रुपये काढून त्यांनी कापडी पिशवीत घातले होते आणि ती पिशवी मांडीवरून हलू दिली नव्हती. क्षमा वाडीला जाऊन आली होती. साळूबाई हाय, सुनेच्या हाताखाली खाते, गुडघे दुखत्यात म्हणाली. बघते, जमलं तर येते म्हणाली. तेवढ्या 'जमलं तर'वर नाथाजींनी दोन दिवस काढले.

लोक येत होते. बऱ्याच जणांना काय बघायचं तेच कळत नव्हतं. एका भिंतीला बुडालेल्या कंपन्यांचे शेअर नुसते वॉलपेपरसारखे चिकटवले होते. ते क्षमाच्या मामाचे होते आणि मामा त्या भिंतीकडं पाठ करून उभा राहत होता. एका लोखंडी तिजोरीचं दार सताड उघडं होतं आणि आत आरसा होता. बायाबापड्या त्यात केस सारखे करून पुढं जात. एक मोठा तराजू होता, एका पारड्यात जोंधळे, दुसऱ्यात नाणी. "बरोब्बर हाय," म्हणत जो तो पुढं सरके. मधोमध नमुना वहीचं पान होतं. खाली पाटी: 'साळूबाई, मेंढपाळ, जत तालुका. हिने खरे ओळखले. कोरणारे: नाथाजी सुतार.'

त्यांच्या आळीतला पानपट्टीवाला दादासोही आला. पंचवीस वर्षं त्यानं नाथाजींना 'या नोटवाले' अशीच हाक मारली होती. तो पाटीपुढं बराच वेळ थांबला. जाताना स्टुलाजवळ येऊन म्हणाला, "सुतार, ह्ये आमास्नी कवा सांगितलं न्हाईसा."

नाथाजींना वाटलं, आपल्या आडनावाला एवढा चांगला आवाज आहे हे आपण विसरूनच गेलो होतो.

तिसऱ्या दिवशी, एकच्या सुमाराला, दारात सावली पडली. काळं घोंगडं खांद्यावर, हातात काठी, बोडक्या कपाळाची म्हातारी. नाथाजी उठले. सव्वीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य ऐनवेळी पळालं आणि ते नुसते हात जोडून उभे राहिले.

"सुतार कोन तुमच्यातलं?" साळूबाईनं विचारलं.

"मीच."

"तसं न्हाई कळायचं," ती म्हणाली. खुर्चीवर टेकली, घोंगड्याचा कोपरा पसरला आणि त्यांचा हात खाली ओढून घेतला. अंगठा तळव्यावरून फिरला. "त्योच हाय. जरा मऊ पडलाय."

"छापखाना बंद झाला, आक्का," नाथाजी म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. हरणाबाई मागं उभी होती, तिनंही पदर डोळ्यांना लावला. क्षमानं हळूच खोलीचं दार लोटून घेतलं.

"आक्का, तुमच्यामुळं माज्या पोरींची लग्नं झाली. मी लय उशीर केला. आता तुमी बोला. काय द्यावं, तुमीच बोला." त्यांनी दुसऱ्या हातानं पिशवी पुढं केली.

साळूबाईनं पिशवीकडं पाहिलं नाही. घोंगड्याखाली तिनं त्यांची तीन बोटं धरून दाबली.

"तीन हजार?" नाथाजी कळवळून म्हणाले. "तीन न्हवं आक्का, आठ मेंढरं हुती. धा हायत, समदं घ्या."

"पैसं कोन मागतंय?" म्हातारी म्हणाली. "ही पोर वाडीला आली तवा तिनं मला कागद वाचून दाखीवला. नोटंवर काय लिवलंय तुमी? धारकाला तीन तास करमनूक. म्या धारक न्हवं का? माज्याकडं सा नोटा हुत्या. सा त्रिक अठरा तास हुत्यात. पर मला पाचची यष्टी हाय. तिनावर मिटवू."

क्षमा आधी हसली, मग हरणाबाई. नाथाजींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी डोळे पुसले, सदरा खाली ओढला आणि म्हणाले, "या."

त्यांनी तिला काठीच्या चालीनं सगळं दाखवलं. आपल्याला जे समजलं नव्हतं तेही समजावून सांगितलं. शेअरच्या भिंतीपुढं साळूबाई म्हणाली, "यवडा कागद! मेंढरानं बी तोंड लावलं नसतं." तिजोरीतल्या आरशात तिनं वाकून पाहिलं आणि "चोर घावला," म्हणून खुदकन हसली. तराजूपुढं मात्र ती थांबली. काठी भिंतीला टेकवून तिनं दांडीवरून बोट फिरवलं.

"ह्ये तागडं खोटं हाय. ह्या अंगाला दांडी आखूड हाय बघा."

दांडी क्षमानं मुद्दाम तशी करून घेतली होती. तीन दिवसांत प्राध्यापक आले, व्यापारी आले, वकील आले, ते एकालाही दिसलं नव्हतं.

मग हरणाबाईनं डबा सोडला. चौघांनी शाळेच्या बाकांवर बसून भाकरी-पिठलं खाल्लं. तास उरला होता. नाथाजी हात धुऊन आले आणि फळ्यापुढं उभे राहिले. आयुष्यात ते कधी चारचौघांत मोठ्यानं बोलले नव्हते. पण त्या नाटकाचे सगळे प्रयोग त्यांनी विंगेतून पाहिले होते आणि सावकाराची भाषणं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी धोतराचा सोगा हातात धरला, नसलेल्या मिशीवर ताव दिला आणि असा काही आवाज काढला की शाळेचा शिपाई दारातून डोकावला आणि तिथंच बसला. पुडकं भिरकावायचा प्रसंग आला तेव्हा क्षमानं पटकन खडूची पेटी त्यांच्या हातात दिली. नाथाजींनी ती भिरकावली. खडू खोलीभर झाले. साळूबाईनं टाळ्या वाजवल्या आणि हरणाबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती तशी हसायची. नाथाजी भाषण विसरून तिच्याकडं बघत राहिले.

"म्होरं?" साळूबाईनं काठी आपटली. "अजून येळ हाय माजा."

त्यांनी शेवटापर्यंत केलं.

साडेचारला तिघं स्टँडवर आली. जतची गाडी लागलेलीच होती. साळूबाईला खिडकीजवळची जागा मिळाली. नाथाजींनी खिडकीपाशी उभं राहून पुन्हा एकदा पिशवी वर केली, तेव्हा तिनं घोंगड्याचा कोपरा खिडकीबाहेर सोडला. नाथाजींनी पिशवी खाली ठेवली आणि घोंगड्याखाली हात दिला. या वेळी तिनं किंमत सांगितली नाही. त्यांची पाचही बोटं एकेक करून तळव्यात दुमडली आणि वरून आपल्या हातानं मूठ घट्ट मिटवली.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी धूळ उडवत स्टँडाबाहेर पडली आणि मिरजेच्या रस्त्याला लागली.

"चला की," हरणाबाई म्हणाली. "पिशवी घ्या."

नाथाजी हलले नाहीत. मग तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पिशवी स्वतःच उचलली. उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता, आणि घर येईपर्यंत त्यांनी ती मूठ उघडली नाही.